पहिला झुपका

कारखान्यात तिला सगळे काठबाई म्हणत. नाव कुणी पाडलं आणि चांगल्या मनाने पाडलं की वाकड्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही; पण नाव चपखल बसलं. लोकरी पांघरुणं विणणाऱ्या त्या कारखान्यात पांघरुणाचे तीन भाग धरत: अंग, पट्टा आणि काठ. अंगाचा रंग मास्तर ठरवत, पट्ट्याचा ही बाई, आणि काठाचा दोघांपैकी ज्याला आधी सुचेल त्याने. एकोणतीस वर्षांत काठ बहुतेक वेळा हिलाच आधी सुचला. म्हणून काठबाई.

मास्तर गेल्याला सात महिने झाले होते. गेले म्हणजे काम सोडून लेकीकडे राहायला गेले, दूरच्या गावी, रेल्वेने एक रात्र आणि वर अर्धा दिवस. हे नीट सांगायला हवं, कारण काठबाई स्वतः ‘मास्तर गेले’ एवढंच म्हणायची आणि नव्या माणसांचे चेहरे उगीच पडायचे.

त्या सात महिन्यांत नवा माल निघालाच नव्हता. जुन्याच रंगांची पांघरुणं विणली जात होती, त्यामुळे काठबाईचं काम म्हणजे रंगाऱ्याने रंगवून आणलेली लोकर जुन्या नमुन्याशी ताडून बघणं. ते ती डोळ्यांत तेल घालून करी. पण एका बुधवारी मालकांची सून तिच्या टेबलाशी आली आणि हातातलं न रंगवलेलं, दुधाळ रंगाचं एक छोटं पांघरूण तिने टेबलावर पसरलं. दोन वर्षांपासून कारखान्याचा कारभार सूनबाईच बघत होत्या. बोलायला मोकळ्या, पण वेळेच्या फार पक्क्या.

हे गुडघ्यांवर घ्यायचं पांघरूण, त्यांनी सांगितलं. खिडकीशी बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी, लांबच्या प्रवासासाठी, थंडीत टेबलाशी लिहीत बसणाऱ्यांसाठी. हलकं, एका हाताने घडी घालता येईल असं. याचे सहा जोड हवेत, अंग-पट्टा-काठ मिळून सहा तऱ्हा. पुढच्या शनिवारपर्यंत. सोमवारी रंगारी भट्ट्या लावणार.

काठबाईने ‘बरं’ म्हटलं. मग सूनबाई जरा घुटमळल्या आणि पुढचंही बोलल्या. बाहेर एक कंपनी आहे, ती तयार रंगजोड्या विकते, शंभर जोड्यांचं आख्खं पुस्तकच देते. बहुतेक कारखाने आता तेच घेतात. आपणही घेऊ शकतो. तसं झालं तर हे टेबल इथून हलवता येईल, घडी-विभागाला जागा पुरत नाहीच आहे. ‘तुम्हाला तपासणीत घेईन, बाई, बसून काम आहे, त्याची काळजी नको. पण मला स्वतःला हे टेबल इथेच हवंय. म्हणून आधी तुमच्याकडे आले.’

सूनबाई चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

टेबल उत्तरेच्या खिडकीशी होतं. सगळ्या इमारतीत तेवढ्या एकाच खिडकीतून उजेड थेट अंगावर न येता झिरपल्यासारखा यायचा. रंग बघायचे ते याच उजेडात, सकाळी दहा ते बारा, दिवे बंद करून. हा मास्तरांचा नेम. दिव्याखाली गळ्यात गळे घालणारे रंग बाहेर उजेडात आले की एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, असं ते म्हणत. बाराचा भोंगा झाला की तबकावर फडकं पडायचं, मग मालक स्वतः आले तरी ते निघायचं नाही.

तबक लाकडी होतं. आठ ओळी, ओळीत आठ खण, चौसष्ट खणांत चौसष्ट रंगांच्या लोकरीचे बोटभर लांबीचे झुपके. समोर करडा पुठ्ठा. मास्तर एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. मास्तर तबकातून एक झुपका उचलत, पुठ्ठ्यावर ठेवत, खिडकीकडे तोंड फिरवत आणि म्हणत, ‘बोला.’

तोंडाने काही बोलायचं नसे. बोलायचं म्हणजे दुसरा झुपका शेजारी ठेवायचा. पटला तर मास्तर मान हलवत. नाही पटला तर बोटाने टेबलावर एकदा टक् करत, की तिने उचलून दुसरा ठेवायचा. कधी चार-चार दिवस नुसती टकटक चाले. कधी पहिल्याच झटक्याला असं जुळून यायचं की दोघं काठाचं विसरून नुसतीच बघत बसायची.

ती सव्वीस वर्षांची असताना रिळं भरण्याच्या विभागातून या टेबलाशी आली. तिथे एका रिळात दोन भट्ट्यांची लोकर मिसळली होती आणि ती गोष्ट सबंध विभागात एकटीच्या लक्षात आली. मुकादमाने तिला वेड्यात काढलं. मास्तरांनी रीळ खिडकीशी नेलं, पाहिलं आणि मुकादमाला एवढंच म्हणाले की उद्यापासून ही मुलगी माझ्याकडे. तेव्हापासून ती त्यांना ‘मास्तर’ आणि ते तिला ‘बाई’. एकोणतीस वर्षांत ‘अहो-जाहो’ सुटलं नाही. मास्तरांना घरी बायको होती, लेक होती. बायको कधीमधी कारखान्यात यायची तेव्हा काठबाईसाठी आठवणीने डब्यात काहीतरी घेऊन यायची. सहा वर्षांपूर्वी ती वारली. त्यानंतर मास्तर चार दिवस आले नाहीत, पाचव्या दिवशी आले, आणि त्यांनी पुठ्ठ्यावर ‘ओली पाटी’ ठेवली. काठबाईने शेजारी काहीच ठेवलं नाही. बारा वाजेपर्यंत दोघं त्या एका झुपक्याकडे बघत बसली.

‘ओली पाटी’ म्हणजे काळा-करडा. रंगांना त्यांनी आपापसात नावं दिली होती, ती कुठल्याच वहीत नव्हती. तांबूस तपकिरी म्हणजे ‘शिळा चहा’. खाकी म्हणजे ‘पोस्टाची पिशवी’. फिकट पांढुरका म्हणजे ‘परीक्षेचा दिवस’. नाकाच्या शेंड्यासारखा लालसर गुलाबी म्हणजे ‘थंडीतलं नाक’. भडक पिवळ्याला मास्तर ‘कावीळ’ म्हणत. तो त्यांना डोळ्यांसमोर नको असे.

आणि एक होता ‘पाच वाजताची भिंत’. खिडकीसमोर कोठाराची जुनी भिंत होती. दिवसभर तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं, पण संध्याकाळी सुटायच्या वेळी तिच्यावर तिरपं ऊन येई, आणि मग तिचा रंग धड गुलाबी नसे, धड मातीचा नसे. एकदा रंगाऱ्याच्या हातून भट्टीत काहीतरी चुकलं आणि नेमका तोच रंग निघाला. एकच लड. बाकीचे हसले, पण मास्तरांनी तिचा झुपका कापून तबकाच्या शेवटच्या खणात ठेवला आणि म्हणाले, याची घाई करायची नाही. दर नव्या मालाच्या वेळी ती त्या खणाकडे बघे. दर वेळी मास्तर म्हणत, ‘अजून नाही.’ त्याला सोळा वर्षं झाली होती.

आता त्या बुधवारी, मग गुरुवारी, मग शुक्रवारी ती दहा वाजता फडकं काढून बसली आणि बारा वाजता फडकं टाकून उठली. पुठ्ठा कोराच राहिला.

पहिला रंग ठेवणं तिला जमेना. खरं सांगायचं तर ते तिने कधी केलंच नव्हतं. समोर कुठलाही रंग आणून ठेवा, ती त्याला शेजारी देईल. पण रिकाम्या पुठ्ठ्यासमोर तिचा हात तबकावरून असा फिरे, जसा परक्या घरात दिव्याचं बटण शोधताना फिरतो. एक झुपका उचलावा, तर बाकीचे त्रेसष्ट का नको, हे सांगायला कुणी नाही. ठेवला तर समोरच्या खुर्चीकडे नजर जाई. खुर्ची तशीच होती. पाठीवर मास्तरांच्या मफलरने घासून गुळगुळीत झालेला पट्टा होता. हा करडा मफलर ते खुर्चीला अडकवत, उन्हाळा असो की हिवाळा.

शनिवारी तिने दोन कप चहा आणला. एक स्वतःसमोर ठेवला, एक समोर. मग आपल्याच करणीची तिला लाज वाटली आणि तिने दोन्ही कप प्यायले. त्या दिवशी तिला घरी गेल्यावर पित्त झालं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वहिनी. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोघी बायका एकमेकींना धरून होत्या. वहिनी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने तल्लख. शिवणकाम करी, त्यामुळे दिवसभर घरात बसून तिला बोलायचं साठलेलं असे आणि ते सगळं संध्याकाळी काठबाईच्या वाट्याला येई. रविवारी सकाळी वहिनी बटणं निवडत होती आणि काठबाई समोर बसून भिंतीकडे बघत होती.

वहिनीने विचारलं की भिंतीवर काही लिहिलंय का, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून विचारतेय.

मग काठबाईने सगळं सांगितलं. सहा जोड, शनिवार, ते पुस्तक, टेबल हलणार ते. वहिनीने हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं. मधे एकदा तिने तीन बटणं पुढे सरकवली आणि यातलं एक निवडा म्हणाली. काठबाईने क्षणात एक निवडलं. ‘घ्या, आलं की निवडता,’ वहिनी म्हणाली. काठबाईने सांगितलं की तसं नव्हे, बटण निवडताना कापड आधी समोर असतं. कापड कुणीतरी आधी ठेवावं लागतं.

‘मग त्या कुणीतरीला फोन करा की, वन्सं. सात महिने झाले. त्यांचा नंबर तुमच्या डब्यात सुयांखाली आहे, मी रोज बघते.’

काठबाईने म्हटलं, काय बोलू? रंग काही फोनवर दाखवता येत नाही. फोटोतला रंग खोटा असतो, मास्तरांनीच शिकवलंय.

‘रंगाचं नका बोलू,’ वहिनी म्हणाली. ‘माणसं दुसरंही बोलतात. जेवलात का विचारतात.’

निरोपाच्या दिवशी मास्तरांनी एका नमुना-पुठ्ठ्याच्या मागे तो नंबर लिहून दिला होता. तेव्हाही दोघांनी फारसं काही म्हटलं नव्हतं. मास्तरांनी मफलर खुर्चीवरून काढून गळ्यात घातला, तबकातल्या खणांवरून नेहमीसारखं बोट फिरवलं, आणि ‘संभाळा’ म्हणाले. अलीकडच्या वर्षांत त्यांना ती सवयच लागली होती. झुपका उचलण्याआधी खणांच्या कडांवरून बोट फिरवायचं, हळूहळू, जपमाळ ओढल्यासारखं. काठबाईला वाटे, म्हातारपणी माणूस आपल्या वस्तूंना असाच कुरवाळत असेल.

दुपारी वहिनी ‘जरा पडते’ म्हणून आतल्या खोलीत गेली आणि दार पूर्ण न लावता पडून राहिली. काठबाईने फोन लावला.

मास्तरांनी पहिल्याच घंटीला उचलला. आवाज तोच, थोडा बारीक झालेला. जेवलात का, झालं. तिकडची थंडी, वहिनींचे गुडघे, रंगाऱ्याच्या मुलीचं लग्न, तेही झालं. मग दोघंही थांबली. थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं, पण फोनवर ते नीट जमत नाही. फोनवर वाटतं, पलीकडचा माणूस उठून गेला.

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘नवं पांघरूण आलंय. मला पहिला रंग ठेवता येत नाही. तुम्हाला तो कसा सुचायचा, तेवढं सांगा.’

मग मास्तर म्हणाले की सांगायचंच होतं, निरोपाच्या दिवशी सांगायचं होतं, धीर झाला नाही. लेकीने इथे आल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं, दोन्ही डोळ्यांचं. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाला, आजोबा, इतकी वर्षं तुम्ही बघत काय होता?

‘मी बघत नव्हतो, बाई. शेवटची चार वर्षं तर मुळीच नाही. सगळं पातळ काढ्यातून बघावं तसं. हिरवा आणि निळा मला एकच होते. मी खण मोजून उचलत होतो. कुठल्या खणात काय, ते पाठ होतं.’

काठबाईला ते खणांवरून फिरणारं बोट दिसलं.

आणि मग तिला दुसरंही आठवलं. चार वर्षांपूर्वी तबकात कसर शिरली होती. एका रविवारी तिने ते घरी आणून सगळं रिकामं केलं, ऊन दाखवलं आणि झुपके परत लावताना फिक्यापासून गडदकडे असे नव्याने लावले. मास्तरांना आवडेल म्हणून. सोमवारी मास्तरांनी बोट फिरवलं, झुपका उचलला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. तो निघाला ‘कावीळ’. ती चाट पडली. ज्या रंगाचं मास्तर तोंड बघत नसत, तो त्यांनी अंगासाठी ठेवला होता आणि शांतपणे खिडकीकडे बघत ‘बोला’ म्हटलं होतं. तिला वाटलं, ही परीक्षा आहे. तीन दिवस ती झगडली आणि मग त्याच्याशेजारी तिने ओली पाटी ठेवली, काठाला धुतल्या विटेचा. ते पिवळं पांघरूण इतकं खपलं की अजून खपतंय. मालक म्हणाले होते, मास्तर म्हातारपणी तरुण झाले.

‘ते पिवळं,’ तिने विचारलं.

‘चौथ्या ओळीतला सहावा,’ मास्तर म्हणाले. ‘तिथे पोस्टाची पिशवी असायची. पांघरूण विणून आलं, सगळे पिवळं-पिवळं म्हणायला लागले, तेव्हा मला कळलं. घरी जाऊन मी अंथरुणावर बसूनच राहिलो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला म्हटलं, तबक जिथल्या तिथे लावा. तुम्ही लावलंत. का, ते विचारलं नाहीत.’

तिने विचारलं नव्हतं खरं. मास्तर सांगत ते ती करत असे.

तिने आता विचारलं, की तेव्हाच डोळे का दाखवले नाहीत.

‘दाखवले असते तर बरे होईपर्यंत घरी बसवलं असतं. आणि माझ्या वयाच्या माणसाला एकदा घरी बसवलं की परत बोलावत नाहीत. सकाळचे ते दोन तास माझ्याच्याने सोडवेनात, बाई.’

एवढं बोलून ते थांबले. तीही थांबली. या वेळी मात्र पलीकडचा माणूस उठून गेलाय, असं तिला वाटलं नाही.

शेवटी मास्तर म्हणाले की परवा लेकीबरोबर बाजारात गेले होते, तिथे दुकानाच्या काचेत ते पिवळं पांघरूण दिसलं. नव्या डोळ्यांनी पहिल्यांदाच. लेक पुढे निघून गेली तरी ते तिथेच उभे होते. मी नुसता दगड ठेवला होता, घर तुम्ही बांधलंत, असं काहीसं ते म्हणाले, आणि मग त्यांना खोकला आला की काय, कोण जाणे, फोन लेकीने घेतला.

काठबाई आत गेली तेव्हा वहिनी डोळे मिटून पडली होती, पण तिच्या पापण्या हलत होत्या. काठबाई शेजारी बसली आणि हसायला लागली. चार वर्षं तिने ज्याला मास्तरांची नजर समजून उत्तरं दिली, ती नजर नव्हतीच. ओळ चौथी, खण सहावा होता. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. वहिनीने डोळे उघडले आणि थोडी सरकून तिला जागा करून दिली.

सोमवारी दहा वाजता काठबाईने फडकं काढलं. डोळे मिटले, खणांच्या कडांवरून बोट फिरवलं आणि जिथे थांबलं तिथला झुपका उचलला. मग डोळे न उघडता तो पुठ्ठ्यावर समोरच्या खुर्चीच्या बाजूने ठेवला, आणि स्वतःच्या खुर्चीवर टेकून मगच पाहिलं. ‘शिळा चहा’ होता. दुधाळ पट्टा चटकन सुचला, आणि काठाला शाईचा निळा. अर्ध्या तासात पहिला जोड झाला. घडी-विभागातल्या बायका काचेतून बघत होत्या. बाईंना काहीतरी झालंय, डोळे मिटून काहीतरी शोधतायत, अशी बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली. मंगळवारी दोन जोड झाले. बुधवारी एक. बोटाने काढलेला एक रंग तिला अगदीच नकोसा होता, ‘थंडीतलं नाक’. पण तिने स्वतःच घातलेला नियम होता, बदलायचा नाही. गुरुवारी त्याचाही जोड झाला, आणि तो सगळ्यांत चांगला झाला. पाच झाले.

काम होत होतं, टेबल राहणार होतं. पण समोर रंग ठेवल्यावर जे ‘बोला’ ऐकू यायला हवं, ते येत नव्हतं. मास्तरांना दिसत होतं की नव्हतं, याने काहीच फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो ती खुर्ची रिकामी असण्याने. हे तिला त्या चार दिवसांत स्वच्छ कळलं, आणि कळून त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

सहाव्यासाठी मात्र ती मंगळवारीच कामाला लागली होती. त्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना तिने डोळे उघडे ठेवून शेवटच्या खणातला ‘पाच वाजताची भिंत’ उचलला. बोटाला विचारून नाही, मोजून नाही. नमुन्याच्या पुठ्ठ्याला तीन भोकं असतात. तिने पहिल्या भोकात तो झुपका ओवला, उरलेली दोन रिकामी ठेवली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘बोला.’ कुरियरवाल्याने आत काय आहे विचारलं. तिने सांगितलं, लोकर. त्याने पाकीट चाचपून पाहिलं आणि एवढीशी लोकर कोण पाठवतं, असा चेहरा करून शिक्का मारला.

शनिवारी सकाळी तिने सूनबाईंसमोर पाच पुठ्ठे मांडले. सूनबाई ते एक-एक खिडकीशी नेऊन बघत राहिल्या. ‘थंडीतलं नाक’ त्यांनी परत परत उचललं. मग विचारलं की सहावा? काठबाई म्हणाली, सहावा मास्तरांकडे गेलाय, सोमवारी दहाला देते. सूनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सोमवारी अकराला रंगारी भट्टी लावतो, त्या म्हणाल्या, आणि घडी-विभागाच्या मुकादमाला बोलावून सांगितलं की त्याच्या जागेसाठी दुसरीकडे कुठेतरी बघू.

पाकीट आलं शनिवारीच, दुपारी दोन वाजता.

काठबाईने ते हातात घेतलं, अक्षर ओळखलं, आणि पिशवीत ठेवून दिलं. बारा वाजून गेले होते. आत रंग होता, आणि रंग दहा ते बारा.

रविवार वहिनीला फार जड गेला. पाकीट फडताळावर उभं करून ठेवलेलं, आणि वन्सं ते उघडू देत नाहीत. वहिनीने आधी समजावलं, मग दिव्याखाली धरून बघितलं, मग केटलीच्या वाफेवर पाकीट अलगद उघडता येतं अशी माहिती सहज म्हणून दिली. शेवटी म्हणाली, ‘एकोणतीस वर्षं अशीच काढलीत ना दोघांनी? पाकीट बंद ठेवून?’ काठबाई तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली, मग पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. वहिनी त्यानंतर दिवसभर पाकिटाबद्दल एक अक्षर बोलली नाही. रात्री तिने तेवढं आपल्या उशाशी नेऊन ठेवलं, झुरळं असतात म्हणून.

सोमवारी दहा वाजता खिडकीशी उजेड नेहमीसारखा झिरपत होता. काठबाईने पाकीट कात्रीने एका कडेने कापलं आणि पुठ्ठा बाहेर काढला.

पहिल्या भोकात तिची भिंत होती. दुसऱ्या भोकात नवा झुपका. करडा, पण नुसता करडा नव्हे. वापरून वापरून मऊ पडलेला, मधूनच धुरकट निळा मारणारा. त्या रंगाची लोकर कारखान्यात कधी आली नव्हती, तबकातल्या चौसष्टांत तो नव्हता. तरी तिला तो शोधावा लागला नाही. एकोणतीस वर्षं तो तिच्यासमोर खुर्चीला अडकवलेला असायचा. मास्तरांनी मफलरचं टोक कापलं होतं.

भिंतीच्या शेजारी तो असा बसला होता, की जणू ती भिंत इतकी वर्षं त्याच्याचसाठी थांबली होती.

तिसरं भोक रिकामं होतं. त्याखाली मोठ्या, सरळ अक्षरांत, ओळीवरून जराही न घसरता लिहिलं होतं, ‘काठ तुमचा. बोला.’

अकरा वाजायला एक तास होता. काठबाईने पुठ्ठा उचलून समोरच्या खुर्चीच्या बाजूला ठेवला आणि तबकाकडे हात नेला. मग हात मागे घेतला, आणि थोडा वेळ नुसतीच बघत बसली.